बॉडी एका कंपनीची, लेन्स दुसरीची

सावनेर आणि केळवद मागे टाकून नागपूर-छिंदवाडा रस्ता मध्य प्रदेशात शिरला की थोड्याच वेळात लोधीखेडा लागतं. नागपूर इथून साठेक किलोमीटर. ऑक्टोबर २०२३मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला, पण कॅमेऱ्याचं काम निघालं की या पट्ट्यातला माणूस अजूनही नागपूरचीच वाट धरतो. नवी बॉडी, जुनी लेन्स, अडकलेलं शटर, सगळ्यासाठी नागपूर. तुळशीचं लग्न लागलं की इथली लग्नसराई सुरू होते आणि पावसाळ्याच्या तोंडावर आटोपते. फोटोग्राफरची वर्षाची कमाई बहुतेक या काही महिन्यांतच होते. अशा माणसानं लेन्सवर घातलेला पैसा म्हणजे धंद्याचं भांडवल. ते चुकीच्या जागी अडकलं तर पुढच्या हंगामापर्यंत सुटत नाही.

कॅमेरा कॅननचा, निकॉनचा किंवा सोनीचा; मग लेन्सही त्याच कंपनीची घ्यावी, की सिग्मा, टॅमरॉन, टोकिना, सॅमयांग, विल्ट्रॉक्स यांच्यापैकी एखाद्याची? पूर्वी या प्रश्नाला ठरलेलं उत्तर होतं: ऐपत असेल तर कंपनीची, नसेल तर दुसरी. गेल्या दहा-बारा वर्षांत ते उत्तर जुनं झालं आहे.

आधी किमतीचं बघू, कारण सुरुवात तिथूनच होते. लग्नाच्या कामातली मुख्य लेन्स म्हणजे २४-७० मिमी, एफ २.८. सोनीची या मापाची दुसऱ्या पिढीची जी मास्टर लेन्स २०२२मध्ये अमेरिकेत सुमारे २,३०० डॉलरला आली. सिग्माची त्याच मापाची, त्याच अपर्चरची लेन्स २०१९मध्ये १,०९९ डॉलरला आली होती. टॅमरॉननं २०१८मध्ये २८-७५ मिमी एफ २.८ आणली ती ७९९ डॉलरला, आणि वजन अवघं ५५० ग्रॅम. सोनीची त्या वेळची लेन्स ८८६ ग्रॅमची होती. भारतात आयात शुल्क आणि जीएसटी धरून आकडे वेगळे होतात, पण प्रमाण साधारण तेच राहतं. एकीच्या पैशात दोन लेन्स येतात, किंवा एक लेन्स घेऊन उरलेल्या पैशात फ्लॅश आणि दुसरी बॉडी येते. हळदीपासून पाठवणीपर्यंत अठरा तास गळ्यात कॅमेरा अडकवणाऱ्या माणसाला तीनशे ग्रॅमचा फरक मानेत जाणवतो, तो वेगळाच.

स्वस्त म्हणजे नकली, ही धारणा मात्र इतिहासात टिकत नाही. कॅननचा विक्रीला आलेला पहिला कॅमेरा १९३६चा हान्सा कॅनन. त्यावरची ५० मिमी एफ ३.५ लेन्स कॅननची नव्हती. ती होती निक्कोर, म्हणजे निप्पॉन कोगाकूची, जी पुढे निकॉन या नावानं कॅननची सर्वांत मोठी प्रतिस्पर्धी झाली. निकॉनचं जगभर नाव झालं तेही दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर बसूनच. १९५०मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होते. जपानी सहकारी जुन मिकी यांच्याकडची ८५ मिमीची निक्कोर त्यांनी पाहिली, निप्पॉन कोगाकूच्या कारखान्यात जाऊन लेन्स तपासल्या आणि आपल्या जर्मन लायका कॅमेऱ्यावर निक्कोर चढवून ते कोरियाच्या युद्धावर गेले. त्या छायाचित्रांचा धारदारपणा पाहून न्यूयॉर्कच्या संपादकांनी चौकशी केली आणि त्या वर्षअखेर ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये जपानी लेन्सवर लेख आला. आज जिला आपण ‘ओरिजिनल’ म्हणतो ती निक्कोर तेव्हा लायकासाठी थर्ड पार्टी, म्हणजे बाहेरच्या कंपनीची, होती.

टॅमरॉन १९५०ची आणि सिग्मा १९६१ची. टॅमरॉननं १९५७मध्ये टी-माउंट काढला: लेन्स एकच, कॅमेऱ्याप्रमाणे फक्त मागचं कडं बदलायचं. सिग्माचे संस्थापक मिचिहिरो यामाकी यांनी सुरुवात लेन्सचं माप वाढवणाऱ्या टेली-कन्व्हर्टरपासून केली. आज त्यांचा मुलगा काझुतो कंपनी चालवतो आणि लेन्स फुकुशिमा प्रांतातल्या आयझू इथल्या कारखान्यात बनतात. कोसिना ही जपानी कंपनी तर फोग्टलँडर आणि झाइसच्या नावानं लेन्स बनवते, आणि निकॉनचा एफएम१० हा फिल्म कॅमेराही तिनंच बनवून दिला होता. टॅमरॉनमध्ये सोनीचे मोठे शेअर आहेत. लेन्सच्या कड्यावर छापलेलं नाव आणि तिचा कारखाना यांचा संबंध ग्राहकाला वाटतो तितका सरळ नाही.

मग बदनामी झाली कशी? तिला खरी कारणं होती.

१९८७मध्ये कॅननचा ईएफ माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स बसवण्याचा सांधा, आला आणि लेन्स व बॉडी पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक संकेतांवर एकमेकींशी बोलू लागल्या. ते संकेत कॅनननं बाहेरच्यांना दिले नाहीत. बाहेरच्यांनी ते ऐकून-तपासून उलगडले आणि आपल्या चिपमध्ये भरले. पुढे कॅननची नवी बॉडी आली की तिच्या संकेतांत थोडा बदल असायचा आणि जुनी सिग्मा अडकायची. फिल्मच्या काळातल्या अनेक सिग्मा लेन्स डिजिटल कॅननवर लावल्या की स्क्रीनवर ‘एरर ९९’ यायचा. काही लेन्स सिग्मानं चिप बदलून दिल्या, काही कायमच्या निकामी झाल्या. शिवाय बाहेरची लेन्स कॅमेऱ्याला आपली ओळख कॅननच्याच एखाद्या लेन्सच्या क्रमांकानं सांगायची. त्यामुळे कॅमेऱ्यातलं कोपऱ्यांचा काळोख उजळणारं करेक्शन सुरू असेल तर ते भलत्याच लेन्सचा हिशेब लावून फोटोवर विचित्र वर्तुळं उमटवायचं. आजही जुन्या कॅनन डीएसएलआरवर जुनी सिग्मा वापरणाऱ्यानं ते करेक्शन बंद ठेवलेलं बरं.

दुसरी तक्रार फोकसची. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा आणि चित्र घेणारा वेगळा. दोघांत जरा फरक पडला की नवरीच्या डोळ्यांऐवजी कानातल्या झुब्यांवर फोकस जायचा. हा दोष कंपनीच्या लेन्समध्येही असे, पण बाहेरच्यांमध्ये जास्त दिसे. सिग्मानं यूएसबी डॉक आणि टॅमरॉननं टॅप-इन कन्सोल काढलं ते यासाठीच: लेन्स संगणकाला जोडून फोकस घरच्या घरी जुळवता येतो, नवं फर्मवेअर भरता येतं. मिररलेस कॅमेऱ्यात फोकस थेट चित्र घेणाऱ्या सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे ही जुनी डोकेदुखी जवळजवळ संपली. थर्ड पार्टी लेन्सची पत वाढण्यात या एका तांत्रिक बदलाचा वाटा फार मोठा आहे.

दर्जाचा बदलही तितकाच ठोस. सिग्मानं २०१२मध्ये आर्ट मालिकेतली ३५ मिमी एफ १.४ आणली आणि ती कंपन्यांच्या महागड्या लेन्सच्या शेजारी ठेवून तपासली जाऊ लागली. पुढच्याच वर्षी १८-३५ मिमीची झूम आली, जिचं अपर्चर सगळ्या मापांत एफ १.८ राहतं. तोवर असं कुणी केलं नव्हतं. टॅमरॉनची २०२१ची ३५-१५० मिमी, एफ २-२.८ हीसुद्धा तशीच. एकट्यानं लग्न काढणाऱ्याला मंडपाचा रुंद फोटो आणि अक्षता पडतानाचा नवरा-नवरीचा चेहरा एकाच लेन्समधून मिळतो. ती आली तेव्हा सोनीकडे तशी लेन्सच नव्हती. वजन सव्वा किलोच्या जवळ, ही तिची किंमत. बाहेरच्या कंपन्या आता मोठ्यांची नक्कल करून थांबत नाहीत, मोठ्यांनी न केलेलं करून दाखवतात.

पण अशी लेन्स प्रत्येक बॉडीसाठी मिळतेच असं नाही. त्यातून एक गोष्ट पुढे येते आणि या लेखाचं मुख्य म्हणणं तेच आहे. लेन्स कुणाची घ्यायची याचा निम्मा निर्णय बॉडी घेताना होऊन जातो. सोनीनं २०११मध्ये आपल्या ई माउंटची मूलभूत माहिती इतर उत्पादकांना विनामूल्य खुली केली. त्यामुळे आज सोनीच्या बॉडीवर निवड सर्वांत मोठी आहे. लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांनी २०१८मध्ये एल-माउंटसाठी हातमिळवणी केली. त्याच वर्षी कॅननचा आरएफ आणि निकॉनचा झेड माउंट आला, आणि दोघांनीही दारं बराच काळ बंद ठेवली. विल्ट्रॉक्सला तर २०२२मध्ये आरएफसाठीच्या ऑटोफोकस लेन्स बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. निकॉननं त्याच वर्षी टॅमरॉनला वाट दिली, २०२३मध्ये सिग्माला. कॅननच्या परवान्यानं सिग्मा आणि टॅमरॉनच्या लेन्सची घोषणा एप्रिल २०२४मध्ये झाली, तीही छोट्या सेन्सरच्या, म्हणजे एपीएस-सी कॅमेऱ्यांसाठीच्या लेन्सची. दुकानात बॉडीची किंमत विचारणारे खूप असतात. त्या बॉडीवर बाहेरची कोणती लेन्स बसते, हे विचारणारे थोडे. खर्चाचा मोठा भाग पुढे तिथेच ठरणार असतो.

आता कामाकडे येऊ. सौंसर-पांढुर्ण्याच्या परिसरात कॅमेऱ्याला जितक्या प्रकारची कामं मिळतात, तितक्या प्रकारे या प्रश्नाचं उत्तर बदलतं.

पेंच जवळ आहे. मध्य प्रदेशातलं पेंच शिवनी आणि छिंदवाडा जिल्ह्यांत पसरलेलं, आणि रामटेकच्या उत्तरेला महाराष्ट्राचं पेंच. जिप्सीतून वाघ टिपायचा तर ५००-६०० मिमी हवीच. कॅननची किंवा निकॉनची ६०० मिमी एफ ४ प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, दहा हजार डॉलरच्याही वर जाते. हौशी माणसाला जंगलाचा हा दरवाजा टॅमरॉननं उघडला. तिची १५०-६०० मिमी झूम २०१३च्या अखेरीस जाहीर झाली, किंमत १,०६९ डॉलर, वजन दोन किलोच्या आत. २०१४मध्ये सिग्मानं त्याच मापाच्या दोन लेन्स काढल्या: कंटेम्पररी हलकी आणि स्वस्त, स्पोर्ट्स जवळपास तीन किलोची आणि धूळ-पाण्यापासून पूर्ण बंदिस्त. २०१५मध्ये निकॉनची २००-५०० मिमी आली ती १,४०० डॉलरच्या आत, आणि २०१९मध्ये सोनीची २००-६०० मिमी दोन हजारांना. बाहेरच्यांनी बाजार तयार केला नसता तर कंपन्यांनी ही मापं या किमतीला काढली असती, असं वाटत नाही. सोनीच्या ग्राहकाला आज २००-६०० घेण्याचा सल्ला द्यावा लागेल. ती झूम करताना लांबीनं वाढत नाही, फोकस वेगवान आहे आणि सोनीचा टेली-कन्व्हर्टर तिच्यावर बसतो, जो बाहेरच्या लेन्सवर बसत नाही. जुनी कॅनन किंवा निकॉन डीएसएलआर असलेल्यानं मात्र सेकंडहँड १५०-६०० घ्यावी आणि उरलेल्या पैशात सफारी कराव्यात.

पांढुर्ण्याची गोटमार वेगळी परीक्षा घेते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा असतो, आणि पांढुर्णा व सावरगाव असे दोन्ही काठ एकमेकांवर दगड चालवतात. दरवर्षी शेकड्यांनी माणसं जखमी होतात, हे थांबवण्याचे प्रशासनाचे प्रयत्न चालूच आहेत. इथे फोटोग्राफरनं पात्रात उतरू नये. एखाद्या पक्क्या गच्चीवरून ७०-३०० मिमीनं काम भागतं. दिवस श्रावण-भाद्रपदाच्या सांध्यावरचे, आभाळ भरलेलं, कधीही सर येणारं. इथे लेन्सच्या नावापेक्षा तिचा बंदोबस्त पाहावा. कंपनीच्या किट लेन्सना बहुधा पाण्यापासून संरक्षण नसतं. टॅमरॉनच्या अलीकडच्या अनेक लेन्सना असतं. सिग्माच्या १५०-६०० कंटेम्पररीला फक्त मागच्या कड्याशी रबर आहे, पुढे नाही. ‘वेदर सील’ हा शब्द ऐकून न थांबता सील नेमकं कुठे कुठे आहे हे विचारलं पाहिजे.

रात्रीच्या आकाशासाठी तर थर्ड पार्टीच घ्यावी, असं ठामपणे म्हणता येतं. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, आणि आकाशगंगा टिपायला जाणाऱ्यांना हक्काची जागा मिळाली. ताऱ्यांवर ऑटोफोकस सहसा लागत नाही. लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा ठळक तारा मोठा करून हातानंच फोकस लावावा लागतो. मग ऑटोफोकसचे पैसे का द्यायचे? सॅमयांगची हातानं फोकस करायची १४ मिमी एफ २.८ याच कामासाठी जगभर वापरली गेली. तिच्यात सरळ रेषा मिशीसारख्या वळतात, इमारतींना ती चालत नाही, पण आकाशात सरळ रेष असते कुठे? एपीएस-सी कॅमेऱ्यासाठी टोकिनाची ११-१६ मिमी एफ २.८ अशीच नावाजलेली.

संत्र्याच्या बागांमध्येही तेच. हा पट्टा नागपूरसारखाच संत्र्याचा. पानावरची सायला, काळी माशी, तिच्यामागून येणारी कोळशी यांचे जवळून फोटो काढून तज्ज्ञांना दाखवायचे तर मॅक्रो लेन्स लागते. टॅमरॉननं १९७९मध्ये ९० मिमीची मॅक्रो काढली, तेव्हापासून पिढ्या बदलत तीच परंपरा चालू आहे, आणि मॅक्रोच्या बाबतीत तिचं नाव कॅनन-निकॉनच्या बरोबरीनं घेतलं जातं. किडा इतक्या जवळून टिपताना बरेचदा हातानंच फोकस करावा लागतो, मग वेगवान मोटरला विशेष अर्थ उरत नाही.

सगळीकडे बाहेरचंच घ्या, असा मात्र याचा अर्थ नाही. सर्वांत स्वस्त टोकाला कंपनी जिंकते. कॅननची ५० मिमी एफ १.८ एसटीएम २०१५पासून धातूच्या माउंटसह मिळते आणि मुळातच स्वस्त आहे. तिच्याऐवजी जुन्या कॅनन ५० मिमीची यॉन्गनुओ या कंपनीनं केलेली नक्कल घेऊन वाचणारी रक्कम फार थोडी, आणि फोकसचा भरवसा कमी. सर्वांत वरच्या टोकालाही कंपनी जिंकते. सोनीचे वेगवान कॅमेरे सेकंदाला ३० किंवा त्याहून जास्त फोटो घेतात, पण बाहेरची लेन्स लावली की वेग १५ वर थांबतो. व्हिडिओत फोकस बदलताना चौकट आत-बाहेर होऊ नये म्हणून सोनीनं कॅमेऱ्यात दिलेली सोय तिच्या निवडक लेन्सवरच चालते. लग्नाचा सिनेमॅटिक व्हिडिओ हेच ज्यांचं मुख्य काम, त्यांनी हे हिशेबात धरावं. मधल्या मोठ्या पट्ट्यात, म्हणजे जिथे बहुसंख्य व्यावसायिकांचं काम चालतं तिथे, सिग्मा आणि टॅमरॉन हा पहिला पर्याय असायला हरकत नाही.

‘माझी सिग्मा फार शार्प आहे’ आणि ‘माझी अगदी खराब निघाली’ ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. अमेरिकेतल्या लेन्सरेंटल्स या भाड्यानं लेन्स देणाऱ्या कंपनीचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी एकाच मॉडेलच्या अनेक प्रती यंत्रावर तपासून दाखवलं आहे की प्रत्येक प्रतीत फरक असतो, कंपनीच्या लेन्समध्येही असतो, आणि प्राइमपेक्षा झूममध्ये जास्त असतो. म्हणून मित्राच्या अनुभवावर नव्हे, हातात येणाऱ्या त्याच प्रतीवर निर्णय घ्यायचा.

दुरुस्तीचा मुद्दा लहान गावाला शहरापेक्षा जास्त नडतो. लेन्स पडली, तर ती गावातून निघून दुरुस्त होऊन परत येईपर्यंत लग्नाच्या तारखा निघून जातात, नाव कोणतंही असो. परदेशातून आलेला विनावॉरंटीचा माल थोडा स्वस्त मिळतो, पण अडला की मालक एकटा पडतो. या भागातल्या व्यावसायिकासाठी एक महाग लेन्स घेऊन तिच्यावर विसंबण्यापेक्षा एक चांगली थर्ड पार्टी झूम आणि सोबतीला कंपनीची स्वस्त ५० मिमी ही जोडी जास्त सुरक्षित आहे. पहिली बंद पडली तरी विधी थांबत नाहीत.

सेकंडहँड बाजारात उतरणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. जुन्या टॅमरॉनच्या काही लेन्समध्ये किंवा टोकिना ११-१६च्या पहिल्या आवृत्तीतही ती नसते, मग ऑटोफोकस होतच नाही. जुनी ईएफ लेन्स अडॅप्टर लावून नव्या आरएफ बॉडीवर चालते, निकॉनची एफटीझेड अडॅप्टरनं झेडवर, पण बाहेरच्या काही लेन्सना त्यासाठी फर्मवेअर बदलून घ्यावं लागलं. सिग्माचं झूमचं कडं परंपरेनं कॅननच्या दिशेनं फिरतं, टॅमरॉनचं निकॉनच्या; घाईत हात उलटा जातो. आणि विकताना कंपनीच्या लेन्सला भाव जास्त मिळतो, म्हणून घेताना वाचलेली सगळी रक्कम ही खरी बचत समजू नये.

म्हणून नागपूरला जाल तेव्हा आपली बॉडी आणि रिकामं मेमरी कार्ड सोबत न्या. लेन्स पूर्ण उघड्या अपर्चरवर लावून दुकानाबाहेरच्या पाटीचे फोटो काढा, मधोमध आणि चारही कोपऱ्यांत. जुनी असेल तर मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत बुरशीचे धागे आहेत का पाहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या बुरशीनं लेपाला धरलं की लेन्स पूर्ववत होत नाही. कार्डावरचे फोटो मोठ्या स्क्रीनवर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि देताना लेन्सचा क्रमांक लिहिलेलं जीएसटी बिल व भारतातल्या वॉरंटीचं कार्ड मागून घ्या.